पाण्याखालच्या डोंगरांना कुणाची नावं देतात?

कोकण किनाऱ्याच्या पश्चिमेला, अरबी समुद्राच्या तळाशी लक्ष्मी खोरं नावाचा एक भाग आहे. तिथे तीन डोंगर आहेत: एक रामन, दुसरा पनिक्कर, तिसरा वाडिया. तिन्ही पूर्ण पाण्याखाली. मालवणच्या किनाऱ्यावर उभं राहून कितीही डोळे ताणले तरी दिसायचे नाहीत.

रामन म्हणजे आपले सी. व्ही. रामन. समुद्राशी त्यांचा काय संबंध, असं वाटेल. १९२१ मध्ये इंग्लंडहून बोटीने परत येताना भूमध्य समुद्राची निळाई त्यांच्या मनात रुतून बसली. समुद्र निळा दिसतो तो आकाशाच्या प्रतिबिंबामुळे, असं तेव्हा मानत. रामन यांनी खिशातल्या प्रिझममधून प्रतिबिंबाचा उजेड गाळून पाहिला, तरी पाणी निळंच. पाण्याचे रेणूच प्रकाश विखुरतात हे त्यांच्या लक्षात आलं, आणि तो धागा पुढे रामन परिणामापर्यंत गेला. वाडिया म्हणजे हिमालयाचं भूशास्त्र उलगडणारे दाराशा वाडिया. आणि पनिक्कर? इथे बहुतेकांची विकेट पडते. एन. के. पनिक्कर हे गोव्यात दोना पावलाला असलेल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे पहिले संचालक. १९५९ ते १९६५ या काळात अनेक देशांची चाळीसहून अधिक जहाजं हिंदी महासागर पिंजून काढत होती, त्या मोहिमेची भारताची बाजू त्यांनी सांभाळली. मोहीम संपल्यावर जमलेली माणसं आणि माहिती विखरून जाऊ नये म्हणून १ जानेवारी १९६६ रोजी ही संस्था सुरू झाली.

समुद्रविज्ञानात कुणी मोठं काम केलं तर त्याला शाबासकी देतात कशी, आणि ते काम मोठं होतं हे ठरवतं कोण? विषय दिसतो तितका सरळ नाही. समुद्रावरचं काम एकट्याने होतच नाही. जहाज लागतं, खलाशी लागतात, विंच, म्हणजे दोर गुंडाळायचं यंत्र, चालवणारा लागतो, रात्री अडीच वाजता बाटलीत पाणी भरून तिच्यावर चिठ्ठी डकवणारा लागतो. पदकावर मात्र एकच नाव कोरलेलं असतं.

आधी डोंगरांचं बघू. समुद्रतळावरच्या ठिकाणांची नावं एक आंतरराष्ट्रीय समिती मान्य करते. महासागरांच्या तळाचा जागतिक नकाशा बनवण्याचं काम १९०३ मध्ये मोनॅकोचा राजपुत्र आल्बेर पहिला याने सुरू करून दिलं. समिती त्याच कामाचा भाग आहे. नावाचे दोन तुकडे असतात: एक कुणाचं तरी किंवा कशाचं तरी नाव, दुसरा जागेचा प्रकार. प्रकार मनाला येईल तसा लावता येत नाही. आजूबाजूच्या तळापासून एक हजार मीटरहून जास्त उंच उठलेला डोंगर असेल तरच तो सीमाउंट. (आपलं कळसूबाई समुद्रसपाटीपासून १६४६ मीटर आहे, त्यावरून अंदाज घ्या.) माथा कोकणातल्या सड्यासारखा सपाट असेल तर तो गियो. हा डोंगर एके काळी पाण्याबाहेर होता, लाटांनी त्याचं डोकं तासून काढलं आणि मग तो खाली खचला, असा त्याचा अर्थ. वाडियांच्या वाट्याला असा सपाट डोक्याचा डोंगर आलाय.

माणसाचं नाव द्यायचं तर ती व्यक्ती शक्यतो हयात नसावी, असा संकेत आहे. हयात व्यक्तीचं नाव चालतं, पण तिने समुद्रविज्ञानात असामान्य किंवा पायाभूत योगदान दिलेलं असेल तरच. नियम चांगला आहे, नाहीतर एव्हाना आमदारांचे वाढदिवस समुद्रतळावर साजरे झाले असते. पैसे देणाऱ्यांची नावं मात्र जुन्या काळापासून चालत आली आहेत. अरबी समुद्रातून तिरकी जाणारी मोठी पर्वतरांग आहे कार्ल्सबर्ग रिज. होय, बिअरवालेच ते. १९२८ ते १९३० दरम्यानच्या डॅनिश मोहिमेचा खर्च कार्ल्सबर्गच्या प्रतिष्ठानाने उचलला होता, त्याची ही पावती.

नाव देण्याची आणखी एक तऱ्हा मला फार आवडते: माणसाचं मापच करून टाकायचं. समुद्रातले प्रवाह मोजायचं एकक आहे स्वेर्ड्रुप, नॉर्वेच्या हाराल्ड स्वेर्ड्रुप यांच्या नावावरून. एक स्वेर्ड्रुप म्हणजे सेकंदाला दहा लाख घनमीटर पाणी. हा आकडा डोक्यात बसत नाही, म्हणून आपलं कोयना धरण घेऊ. त्याची क्षमता सुमारे १०५ टीएमसी. रिकामं धरण एक स्वेर्ड्रुपने भरायला घेतलं तर पन्नास मिनिटांत काठोकाठ. आणि फ्लोरिडाजवळून जाणारा गल्फ स्ट्रीम साधारण ३० स्वेर्ड्रुपचा आहे. त्याला कोयना भरायला पावणेदोन मिनिटंही लागणार नाहीत. जगातल्या सगळ्या नद्या एकत्र केल्या तरी बेरीज एक-सव्वा स्वेर्ड्रुपच्या आसपासच भरते. ज्या माणसाचं नाव रोज हजार जण गणितात लिहितात, त्याला वेगळं पदक कशाला?

याच स्वेर्ड्रुपचा शिष्य वॉल्टर मंक. दुसऱ्या महायुद्धात किनाऱ्यावर सैन्य उतरवताना लाटा किती उंच असतील याचा अंदाज कसा बांधायचा, हे या गुरुशिष्यांनी शोधलं. मंकच्या नावाचा मासा आहे, मोब्युला मंकियाना, पाण्याबाहेर उड्या मारणारा छोटा पाकट.

आता पदकांकडे येऊ. पहिला प्रश्न सगळेच विचारतात: समुद्रविज्ञानाला नोबेल का नाही? आल्फ्रेड नोबेलच्या मृत्युपत्रात भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, वैद्यक, साहित्य आणि शांतता एवढंच होतं. पृथ्वीचं विज्ञान त्यात नव्हतं, मग समुद्राचं कुठून असणार! समुद्रवाल्यांना नोबेल मिळालं ते आडवाटेने. फ्रिट्यॉफ नान्सेन हा पट्टीचा समुद्रशास्त्रज्ञ. बर्फ वाऱ्याच्या सरळ दिशेने न वाहता उजवीकडे कलून वाहतं हे त्याने आर्क्टिकमध्ये टिपलं होतं. त्याला १९२२ मध्ये नोबेल मिळालं, पण शांततेचं, निर्वासितांसाठी केलेल्या कामाबद्दल. २०२१ चं भौतिकशास्त्राचं नोबेल वाटून घेणारे क्लाउस हासेलमान यांनी कारकिर्दीची सुरुवात समुद्राच्या लाटांच्या गणिताने केली होती. त्यांनाही पारितोषिक मिळालं ते हवामानाच्या खात्यात. ही उणीव भरायला स्वीडनमध्ये १९८० साली क्राफोर्ड पुरस्कार स्थापन झाला. मंक यांना तो २०१० मध्ये मिळाला.

जुन्या पदकांपैकी मला सगळ्यात रंजक वाटतं ते अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीचं अलेक्झांडर अगासी पदक. त्यामागचा पैसा कुठून आला ते बघा. १८७२ ते १८७६ या काळात चॅलेंजर नावाच्या ब्रिटिश जहाजाने जगभरच्या समुद्रांची पाहणी केली. खोली मोजायची तर दोराला वजन बांधून सोडायचं आणि परत ओढायचं. खोल समुद्रात एका मोजणीला काही तास लागत. अहवालाचे पन्नास खंड झाले आणि शेवटची कित्येक वर्षं ते काम जॉन मरे या गृहस्थाने रेटलं. याच मरेच्या हाती पुढे हिंदी महासागरातल्या ख्रिसमस बेटावरचा एक दगड आला. अभ्यासलेल्या डोळ्याला तो फॉस्फेट आहे हे कळलं. बेट ब्रिटिशांनी ताब्यात घेतलं, मरेने खाणकाम सुरू केलं आणि तो श्रीमंत झाला. चॅलेंजर मोहिमेवर सरकारने जेवढा खर्च केला त्याहून जास्त पैसा या बेटाच्या करातून परत आला, असं मरे स्वतः सांगत. मूलभूत संशोधनातून काय मिळतं असं विचारणाऱ्यांसाठी इतका चोख हिशेब क्वचितच सापडतो. त्यातलेच काही पैसे मरेने १९११ मध्ये आपल्या दिवंगत अमेरिकन मित्राच्या, अगासीच्या, नावाने पदक सुरू करायला दिले.

१९१३ मध्ये पहिलं पदक मिळालं नॉर्वेच्या योहान यॉर्ट यांना. एखाद्या वर्षी जाळी फाटेस्तोवर मासा आणि एखाद्या वर्षी काहीच नाही, हे कोडं कोळी समाजाला पिढ्यान्‌पिढ्या पडलेलं. मासा दुसरीकडे गेला असणार, असंच सगळे म्हणत. यॉर्ट यांनी हेरिंग माशाच्या खवल्यांवरची वर्तुळं मोजून वय काढलं, झाडाच्या खोडाचं काढतात तसं. तेव्हा दिसलं की १९०४ साली जन्मलेली एकच पिढी पुढे कित्येक वर्षं जाळ्यात येत राहिली. म्हणजे प्रश्न मोठे मासे कुठे गेले हा नसून, त्या वर्षी पिलं जगली किती हा होता. आज मत्स्यविज्ञान याच पायावर उभं आहे.

इथपर्यंत सगळं छान. योग्य माणूस, योग्य पदक. पण मला खरं सांगायचंय ते मारी थार्पबद्दल.

मारी थार्प १९२० मध्ये मिशिगनमध्ये जन्मली. महायुद्धामुळे मुलगे लढायला गेले, वर्ग ओस पडले, म्हणून भूशास्त्राच्या विभागाने मुलींना दार उघडलं. त्या फटीतून ती आत शिरली. नंतर गणिताचीही पदवी घेतली. १९४८ च्या सुमारास ती न्यूयॉर्कला समुद्रतळाचा अभ्यास करणाऱ्या मॉरिस युइंग यांच्याकडे नोकरीला लागली. तिथून पुढे पृथ्वीचा अभ्यास करणारी लॅमाँट वेधशाळा उभी राहिली. जहाजावर बायकांना बंदी होती. तिचा सहकारी ब्रूस हीझन आणि बाकीचे समुद्रावर जात, खोलीच्या नोंदी आणत आणि थार्प टेबलाशी बसून त्या कागदावर मांडे.

हे काम काय असतं ते माझ्या भाचीला समजावताना मी आलेखाचा कागद घेतला. जहाजातून खाली आवाज सोडायचा. तळावर आपटून तो परत येतो. पाण्यात आवाज सेकंदाला साधारण दीड हजार मीटर जातो. जाऊन-येऊन चार सेकंद लागले तर खोली तीन हजार मीटर. जहाज पुढे सरकतं, पुन्हा आवाज. अशा हजारो आकड्यांची एक रेघ होते. आता पुणे ते मुंबई एवढं, म्हणजे साधारण दीडशे किलोमीटर अंतर कागदावर तीस सेंटिमीटरमध्ये बसवलं तर दोन किलोमीटर उंचीचा पाण्याखालचा डोंगर किती दिसेल? चार मिलिमीटर. भाची म्हणाली, “हा डोंगर आहे की तांदळाचा दाणा?” म्हणून उंची मुद्दाम ताणून काढतात. थार्पने ती चाळीसपट ताणली. तोच दाणा सोळा सेंटिमीटरचा झाला, आणि मग त्याच्या अंगावरच्या खाचाखोचा दिसायला लागल्या.

१९५२ मध्ये तिने उत्तर अटलांटिक आडवा कापणाऱ्या सहा रेघा एकाखाली एक लावल्या. मध्यभागी पर्वतरांग आहे हे आधीच ठाऊक होतं. पण रांगेच्या माथ्यावर, बरोबर शिखराच्या जागी, तिला खाच दिसली. एका रेघेत असती तर उपकरणाची चूक म्हणून सोडून देता आली असती. पण ती पुन:पुन्हा त्याच जागी येत होती. डोंगराच्या माथ्यावर दरी म्हणजे जमीन तिथे फाटते आहे, दोन्ही बाजू एकमेकींपासून दूर जात आहेत. म्हणजे खंड सरकतात! त्या काळी अमेरिकेत असं म्हणणारा शास्त्रज्ञ चेष्टेचा विषय व्हायचा. थार्पने हीझनला दाखवलं तेव्हा त्याने कण्हत सांगितलं की हे शक्य नाही, आणि तिचं म्हणणं बायकी बडबड म्हणून झटकून टाकलं.

तिने वाद घातला नाही, पुढची रेघ काढायला घेतली. त्याच सुमारास शेजारच्या टेबलावर हॉवर्ड फॉस्टर नावाचा तरुण भूकंपांची ठिकाणं नकाशावर टिंबांनी मांडत होता. समुद्रातल्या तारा कुठे तुटू शकतात हे टेलिफोनवाल्यांना हवं होतं. दोन्ही नकाशे एकाच मापाचे. उजेडाच्या टेबलावर एकावर एक ठेवले तर टिंबांची रांग सरळ त्या दरीत उतरलेली. हीझनला पटायला जवळजवळ वर्ष गेलं.

पुढचं नीट वाचा. १९५६ मध्ये ही फट जगभरच्या समुद्रांतून जाते असं जाहीर करणारा निबंध युइंग आणि हीझन यांच्या नावावर आला. १९५७ मध्ये प्रिन्स्टनला हीझनचं व्याख्यान झालं, तेव्हा तिथले भूशास्त्रज्ञ हॅरी हेस उठून म्हणाले की तरुण माणसा, तू भूशास्त्राचा पाया हादरवलास. तरुण माणसा! नकाशावर मात्र तिचं नाव होतं, हेही सांगितलं पाहिजे. १९५७ साली निघालेल्या उत्तर अटलांटिकच्या नकाशावर हीझन आणि थार्प अशी दोघांची नावं आहेत. तो नकाशा इतका सुंदर का, यालाही एक सरकारी कारण आहे. अमेरिकी नौदलाने खोलीचे नेमके आकडे गोपनीय ठरवले होते, म्हणून समोच्चरेषांचा नकाशा छापता येईना. तेव्हा विमानातून पाणी काढून घेतलेला समुद्र पाहावा तसा, डोंगरदऱ्यांच्या चित्राचा नकाशा काढायचं त्यांनी ठरवलं. बंदी आली आणि चित्र मिळालं.

नंतर युइंग आणि हीझन यांचं बिनसलं. त्यात थार्पची लॅमाँटमधली नोकरी गेली आणि ती न्यूयॉर्कजवळच्या नायक नावाच्या गावातल्या आपल्या घरून नकाशे काढत राहिली. आल्प्सची चित्रं रंगवणाऱ्या हाइनरिख बेरान या ऑस्ट्रियन चित्रकाराबरोबर १९६७ मध्ये हिंदी महासागराचा नकाशा झाला, १९७७ मध्ये साऱ्या जगाचा. त्याच वर्षी आइसलंडजवळ एका पाणबुडीत हीझनचा मृत्यू झाला. १९७८ मध्ये नॅशनल जिओग्राफिक सोसायटीचं हबर्ड पदक दोघांना मिळालं, त्याला मरणोत्तर. पुढे जवळपास वीस वर्षं शांतता. १९९७ मध्ये अमेरिकेच्या काँग्रेसच्या ग्रंथालयाने तिला विसाव्या शतकातल्या चार थोर नकाशाकारांत गणलं. १९९९ मध्ये वुड्स होलच्या समुद्रविज्ञान संस्थेने, तर २००१ मध्ये जिथून ती बाहेर पडली होती त्या लॅमाँटने गौरव केला. तेव्हा ती ऐंशीच्या पुढे गेली होती. २००६ मध्ये ती गेली. २०२३ मध्ये अमेरिकी नौदलाने एका सर्वेक्षण जहाजाला तिचं नाव दिलं.

याचा दोष एकट्या हीझनवर टाकून मोकळं व्हावं असं मला वाटत नाही. मोजणी, मांडणी आणि अर्थ लावणं हे तीन वेगवेगळ्या जागी, वेगवेगळ्या हातांनी होतं तेव्हा शोध नेमका कुठे लागला? निवड समित्या निबंधावरचं नाव बघतात, कारण तेच मोजता येतं. टेबलाशी बसलेल्या माणसाचं योगदान आभाराच्या ओळीत जातं आणि आभाराच्या ओळीला पदक नसतं.

आपल्याकडे याच्या उलट बाजूचं उदाहरण आहे. नागपूरच्या अदिती पंत पुणे, हवाई आणि लंडन असं शिकून गोव्याच्या समुद्रविज्ञान संस्थेत आल्या आणि १९८३-८४ च्या तिसऱ्या अंटार्क्टिका मोहिमेत गेल्या. भूशास्त्रज्ञ सुदीप्ता सेनगुप्ता आणि त्या, अंटार्क्टिकावर गेलेल्या पहिल्या दोन भारतीय स्त्री-शास्त्रज्ञ. त्यांना सरकारचा अंटार्क्टिका पुरस्कारही मिळाला. पण आज कुणालाही विचारा, अदिती पंत यांनी काय केलं? अंटार्क्टिकाला गेल्या, एवढंच उत्तर येईल. तिथल्या पाण्यात सूक्ष्म वनस्पतींपासून सुरू होणाऱ्या अन्नसाखळीचा त्यांचा अभ्यास कुणाच्या गावीही नसतो. थार्पचं काम ठाऊक होतं, पण नाव मागे राहिलं. पंतबाईंचं नाव सामान्यज्ञानाच्या पुस्तकात पोचलं आणि काम मागे राहिलं.

आता तर गर्दी आणखी वाढली आहे. जगभरच्या समुद्रांत आर्गो नावाची जवळपास चार हजार स्वयंचलित यंत्रं तरंगताहेत. दर दहा दिवसांनी प्रत्येक यंत्र दोन हजार मीटर खोल जातं, वर येताना तापमान आणि क्षार मोजतं आणि उपग्रहाला कळवतं. भारताच्या वतीने हैदराबादची संस्था हे बघते. माहिती सगळ्यांना फुकट. समुद्र किती तापतोय हे आज आपण ठामपणे सांगतो ते याच्या जोरावर. मग पदक द्यायचं कुणाला? यंत्र बनवणाऱ्याला, समुद्रात सोडणाऱ्या खलाशाला, की चुकीचे आकडे वेचून काढत वर्षानुवर्षं संगणकापुढे बसलेल्या बाईला? शेवटच्या गटाला मी तरी आधी देईन, पण मला कुणी विचारत नाही.

डोंगरांना नावं देणाऱ्या समितीच्या नियमांत मात्र या गर्दीसाठी एक जागा ठेवलेली आहे. माणसाऐवजी शोध लावणाऱ्या जहाजाचं, मोहिमेचं किंवा संस्थेचं नाव देता येतं. पृथ्वीवरची सगळ्यात खोल जागा, जवळपास अकरा किलोमीटर खोल, तिला कुठल्या शास्त्रज्ञाचं नाव नाही. ती आहे चॅलेंजर डीप. आणि हिंदी महासागरात एक सीमाउंट आहे, १९८६ मध्ये आपल्या सागर कन्या जहाजाच्या बाविसाव्या सफरीत सापडलेला. १९९१ मध्ये त्याचं नाव मान्य झालं: सागर कन्या सीमाउंट. त्या सफरीतले शास्त्रज्ञ, खलाशी, विंचवाला आणि भटारखान्यातला आचारी, सगळे त्या एका नावात आले.